कपाटामागची भिंत

माझ्या सासूबाईंचा हात कधी कापला नाही. हे आधीच सांगून ठेवते. सत्तरी उलटल्यावरसुद्धा त्या समईत तेल घालायच्या तर एक थेंब खाली पडायचा नाही. सुईत दोरा ओवताना मी दोनदा चुकायचे, त्या एका फटक्यात ओवायच्या आणि वर म्हणायच्या, "शाळेत मुलांना सूक्ष्मदर्शकातून बघायला तूच शिकवतेस ना ग?" असं बोलायच्या त्या. लागेल असं नाही, पण चिमटा असायचाच. आणि मी काय कमी होते? मी चिमट्याला टोचून उत्तर देणारी.

आमचं घर बडोद्याला, समामध्ये, एका सोसायटीत. तेव्हा समाच्या पलीकडे शेतं होती आणि रिक्षावाले तिकडे यायला नाक मुरडायचे. टेनामेंट म्हणतात तसलं घर: पुढं ओटला, मग बैठकीची खोली, स्वयंपाकघर, एक आमची खोली आणि सगळ्यात मागं न्हाणीघराला लागून सासूबाईंची. हे मकरपुऱ्याला एका कारखान्यात होते, सकाळी साडेसहाला कंपनीची बस पकडायचे. मी गावातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. सासूबाईंचे वडील जुन्या संस्थानच्या कचेरीत होते. त्यामुळे त्या शेवटपर्यंत बडोदं न म्हणता "बडोदे" म्हणत राहिल्या, पण त्याच तोंडानं खिडकीला बारी आणि ओलीला भेज म्हणायच्या. आमच्या घरात सगळेच तसं बोलायचे.

आता शाळेतलं सांगते, म्हणजे माझी लाज पुरती समजेल. दर जुलैत आठवीच्या वर्गात मी पावाचा प्रयोग करायचे. पावाचे तीन तुकडे. एक उन्हात वाळवलेला, एक ओला करून उघड्या बशीत, आणि एक ओला करून डब्यात घालून, डबा प्रयोगशाळेच्या कपाटात बंद. चार-पाच दिवसांनी डबा उघडला की हिरवी-काळी लव आलेली असायची, मुलं नाकं दाबून मागं सरायची. मी विचारायचे, बुरशीला काय काय लागतं? सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा: ओलावा, अंधार, कोंडलेली हवा आणि खायला काहीतरी. पुढं वाकून फुंकर मारू नका, असं मी ओरडायचे. फुंकर मारली की तिचे बीजाणू उडतात, नाकातोंडात जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. वीस वर्षं हे शिकवलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

सासूबाईंना प्रयोगाची गरज नव्हती. त्यांना नाक होतं. लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडलं की वरून काही दिसत नसतानाही त्या सांगायच्या, "हिला बुरा येतोय, आजच वरचं काढून टाक." दुसऱ्या दिवशी बघावं तर कडेला पांढरा पट्टा. मी नवी नवरी असताना एकदा ओला चमचा बरणीत घातला होता. त्यानंतर तीन वर्षं मला लोणच्याला हात लावू दिला नव्हता त्यांनी.

तर एका श्रावणात त्यांच्या खोलीच्या भिंतीवर डाग दिसला. न्हाणीघराच्या बाजूची भिंत, गुडघ्याएवढ्या उंचीवर. पोपडे फुगलेले, आणि मध्ये करड्या-हिरव्या ठिपक्यांचा ताटाएवढा चट्टा. मी कडियाला, म्हणजे गवंड्याला, बोलावलं. म्हातारा माणूस होता. त्यानं बोटाच्या पेरानं भिंत ठोकून पाहिली, कान लावला, मग म्हणाला, "बेन, आ फूग छे. पाणी अंदरथी आवे छे. पाईप खोलवो पडशे. उपर रंग मारशो तो पाछी आवशे." पाणी आतून येतंय, नळ उघडून बघावा लागेल, नुसता रंग लावला तर बुरशी परत येईल. इतकं सोपं. मी विचारलं, किती दिवस? चार, म्हणाला, न्हाणीघर फोडावं लागेल.

आणि आठ दिवसांवर आमच्या गौरी होत्या.

बडोद्यातल्या मराठी घरांत गौरी म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पन्नास-साठ बायका हळदीकुंकवाला येतात. गौरींचे मुखवटे बघतात, आरास बघतात, आणि बघता बघता घरही बघून घेतात. कुणाच्या माळ्यावर जाळी आहेत, कुणाच्या मोरीला वास आहे, कुणाची सून नोकरी करते म्हणून पडदे कधीचे धुतलेले नाहीत. अशा वेळी न्हाणीघर फोडून ठेवायचं? मी कडियाला म्हटलं, आता एक हात ऑइल पेंट मारून द्या, गौरी झाल्या की बघू. त्यानं मान हलवली आणि रंग मारला. तरी डाग आतून दिसतच होता. मग मी आणि ह्यांनी मिळून सासूबाईंचं सागवानी कपाट सरकवून त्या भिंतीला लावलं. अगदी भिंतीला चिकटून बसलं नाही, चार बोटं फट राहिली. कपाटाशेजारी त्यांची खाट. दृष्टीआड सृष्टी. गौरी छान झाल्या, आराशीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

गौरी झाल्या, नवरात्र आलं, मग दिवाळी, मग थंडी. थंडीत काही वास येत नव्हता. कपाट तिथंच राहिलं. कपाट एकदा जागेवर बसलं की ते तिथलंच होतं, तुम्हाला काय सांगायचं.

पुढच्या पावसाळ्यात सासूबाईंना खोकला सुरू झाला. कोरडा, सकाळी उठल्या उठल्या लागायचा आणि अर्धा तास थांबायचा नाही. आम्ही काय केलं ते सांगते. हे म्हणाले वारा लागेल, म्हणून त्यांची बारी बंद केली. त्या दोनदा म्हणाल्या, "थोडी उघडी असू दे ग," मी म्हटलं, आई, आधीच खोकताय. सकाळ-संध्याकाळ त्याच बंद खोलीत स्टोव्हवर पातेलं ठेवून वाफारा. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून त्यांच्याच खोलीत दोरी बांधून ओले कपडे, कारण ती मागची खोली, आल्यागेल्याला दिसत नाही. बारी बंद, वाफ, ओले कपडे, कपाटामागं अंधार. शाळेतला डबा यापेक्षा वेगळा काय होता?

एकदा मी शाळेतून आले. पाच तास उभं राहून पाय सुजले होते, चपला काढते न काढते तोच त्या आतून म्हणाल्या, "अगं, या खोलीत वास येतो. बुरा आलाय कुठंतरी. जरा कपाटामागं बघतेस?"

माझं डोकं फिरलं. खरं तर कडियाचं बोलणं आठवलं म्हणूनच फिरलं असणार, पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. मी म्हटलं, "घर मी स्वच्छ ठेवत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला? सरळ म्हणा की. दिवसभर घरात बसून वास घेत बसायला मलाही आवडलं असतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला.  त्या पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "नाही ग. माझंच नाक म्हातारं झालं असेल. तू चहा घे." त्या दिवसानंतर त्यांनी वासाचं नाव काढलं नाही. आणि मी, खरं सांगायचं तर, मनातून खूश झाले होते. एकदाची बोलती बंद केली, असं वाटलं होतं मला.

त्याच वर्षी माझी धाकटी नणंद त्यांना दोन महिने सोलापूरला घेऊन गेली. तिकडून वन्संचं पत्र आलं: "आईचा खोकला इथं आल्यापासून आठ दिवसांत थांबला. जेवणही चांगलं जातं. काळजी नसावी." मी ते पत्र ह्यांना आवाज काढून वाचून दाखवलं. "काळजी नसावी" या शब्दांवर तर मी विशेष जोर दिला. लेकी बोले सुने लागे, आणि मला तर कुणी न बोलताही लागत होतं. दोन महिन्यांनी त्या परत आल्या, चेहऱ्यावर तकाकी होती. दहा दिवस झाले नाहीत तोच सकाळचा खोकला सुरू.

मी ह्यांना म्हटलं, "बघितलंत? लेकीकडे खोकला नाही, सुनेकडे आलं की लगेच. म्हणजे सगळ्या सोसायटीला कळावं, सून जाच करते."

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, हवा बदलते ना."

"हवा? समाच्या हवेत काय विष आहे?"

हा प्रश्न मी विचारला आणि उत्तर न ऐकता स्वयंपाकघरात गेले. आज वाटतं, याहून सरळ प्रयोग कुणी हातात आणून दिला असता का? बाई एकच. सोलापूरला खोकला नाही, इथं आहे. आठवीतल्या पोरानंसुद्धा विचारलं असतं, बाई, दोन जागांत फरक काय? मीही फरक शोधला. मला सापडलेला फरक असा: तिथं लेक आहे, इथं सून आहे. खोकला मला टोमण्यासारखा ऐकू यायचा. त्या खोकायला लागल्या की मी भांडी जरा जोरात आपटायचे.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांना धाप लागायला लागली. न्हाणीघरातून खाटेपर्यंत आल्या तरी बसून राहायच्या. तेव्हा आम्ही फतेगंजच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, पाठ तपासली, काय काय विचारलं, आणि मग विचारलं, "घरात ओल वगैरे आहे का? भिंतींना?"

मी ताबडतोब म्हटलं, "नाही."

इतक्या ताबडतोब, की ह्यांनाही माझ्याकडे बघायचं सुचलं नाही. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलता आलं असतं, श्वास तेवढा होता त्यांच्याजवळ. डॉक्टरांनी वयोमानाचा दमा म्हणून औषध दिलं, तोंडात ओढायचा पंप दिला. रिक्षात त्या माझ्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, आधार म्हणून धरलाय.

आश्विनात त्या गेल्या. दुपारी, मी शाळेत असताना. शेजारच्या बेननी शाळेत फोन केला, शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. त्या दिवशी काय शिकवत होते ते आठवत नाही. ह्यांना कारखान्यातून यायला दीड तास लागला, तोवर मी एकटी त्यांच्यापाशी बसून होते आणि खोलीत तो वास येत होता. मला येत होता. मी उठून बारी उघडली.

सगळं उरकून मंडळी परतली तेव्हा संध्याकाळ झाली होती. माणूस जिथं गेलं तिथं दहा दिवस दिवा ठेवायचा असतो. खाट, गादी सगळं शेजाऱ्यांनी मागच्या अंगणात काढून ठेवलं होतं. मी रिकाम्या जागी पिठाचा थर पसरला, वर दिवा ठेवला आणि तेल घालायला खाली बसले. माझ्याच्यानं तेल सांडलं. पुसायला वाकले तर दिव्याचा उजेड सरळ भिंतीवर, खाली, जिथं उभ्या माणसाची नजर जात नाही तिथं पडला होता.

कपाटाच्या मागं, चार बोटांच्या फटीत, भिंत काळी होती. नुसती काळी नाही, लव असलेली. पण कपाटाची कड संपून खाटेची बाजू सुरू व्हायची तिथं भिंत स्वच्छ. अगदी हातभर. ऑइल पेंटची चकाकी तिथं घासून घासून गेलेली, आणि गोल गोल पुसल्याच्या खुणा. मी फटीत हात घातला. जिथवर माझी बोटं पोचली तिथवर काळं पुसून फासटलेलं होतं, त्याच्या पुढं जसंच्या तसं.

मी उठून अंगणात गेले. खाटेवर गादी तशीच होती. ती उचलली. डोक्याच्या बाजूला खाली त्यांच्या जुन्या लुगड्याची फडकी होती, सात-आठ, घडी घालून ठेवलेली. त्यांच्या हातची घडी, कडेला कड जुळवलेली. उघडली तर आत काळं-हिरवं, वाळलेलं. हलवलं की धूळ उडत होती.

डाग कपाटामागून बाहेर यायला बघत होता आणि त्या तो पुसत होत्या. वर्षभर तरी. मी सकाळी चहा घेऊन जायच्या आधी, खाटेवर पडल्या पडल्या, भिंतीपासून वीतभर तोंड ठेवून, कोरड्या फडक्यानं. मला दिसू नये म्हणून. कुणी बाई आत आली तर माझ्या घराला नाव ठेवू नये म्हणून. बुरशी कधी कोरडी पुसायची नसते. ओल्या फडक्यानं पुसायची, तोंड बांधून, बारी उघडून. हे मला माहीत होतं. मी आठवीच्या पोरांना फुंकर मारू द्यायचे नाही.

पुढं काही वर्षांनी मी एका दुसऱ्या डॉक्टरांना, कुणा ओळखीच्यांची गोष्ट म्हणून, हे विचारलं. ते म्हणाले, बुरशीनंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, वय होतं, फुफ्फुसं थकलेली असतात, पण त्रास नक्की वाढला असणार. मला त्या "सांगता येत नाही"चा काही आधार वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरहून वन्सं आल्या. रडून झालं, आंघोळ झाली, आणि त्या मागच्या अंगणात गेल्या तर तिथं बादलीत फडकी भिजत होती. पाणी शाईसारखं झालं होतं. त्यांनी एक उचलून पाहिलं. आईच्या लुगड्याचा काठ त्यांनी ओळखला.

"वहिनी, ही कसली फडकी?"

मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही होतं मी. मी म्हटलं, "औषध सांडायचं हो त्यांच्या हातून. ते पुसायला ठेवलेली."

"औषध? आईचा हात कापायला लागला होता?"

"शेवटी शेवटी."

वन्सं बादलीपाशी बसून रडल्या. "मला कधी बोलली नाही," म्हणाल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभी होते.

तेरावा झाल्यावर, वन्सं सोलापूरला गेल्यावर, मी त्याच कडियाला बोलावलं. कपाट ओढलं तेव्हा त्याच्या मागची फळी हाताला मऊ लागली. भिंत बघून म्हातारा म्हणाला, "बेन, में तो त्यारे ज कह्युं हतुं." मी म्हटलं, हो, सांगितलं होतंत. न्हाणीघराच्या नळाचा एक सांधा गळत होता, एवढंच. चार दिवसांचं काम होतं, चार दिवसांतच झालं. पोपडे खरवडून नवा गिलावा केला, वर साधा चुना, म्हणजे भिंत आतून सुकते. त्या खोलीची बारी मी दिवसभर उघडी ठेवते. इतक्या वर्षांत तिथं परत डाग आला नाही.

पावाचा प्रयोग मी निवृत्त होईपर्यंत करत होते. सोडून दिला असता तर कुणी कारण विचारलं असतं.

वन्सं आता स्वतः सत्तरीच्या पुढं गेल्यात. कुणाच्या लग्नात, मुंजीत भेटलो आणि जुन्या माणसांचा विषय निघाला, की त्या सगळ्यांना सांगतात. "आमच्या आईचा हात शेवटी फार कापायचा. चमचा तोंडाशी जाईतो निम्मं औषध सांडायचं. पण वहिनींनी सगळं पुसलं हो. नोकरी सांभाळून. एका शब्दानं कुरकूर केली नाही." बायका माझ्याकडे कौतुकानं बघतात. मग वन्सं माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "हो ना, वहिनी?"

मी हो म्हणते.